उणे पंधरात कुत्र्याला फिरवताना या चुका टाळा

नोव्हेंबर लागला की माझा फोन वाजायला लागतो. "उणे किती झालं की कुत्र्याला बाहेर न्यायचं नाही?" आम्ही राहतो ते ओउलु उत्तर फिनलंडात, 65 अंश अक्षांशावर, बोथनियाच्या आखाताला लागून आहे. टेलिकॉमच्या नोकऱ्यांनी इथे आलेली बरीच भारतीय कुटुंबं आहेत. पहिल्या-दुसऱ्या वर्षी घरात कुत्रा येतो आणि पाठोपाठ थंडी येते.

मी आकडा सांगत नाही. आकडा कळला की लोक थर्मामीटर बघतात आणि कुत्र्याकडे बघायचं सोडून देतात. आमचा तिळू फिनिश लॅपहुंड आहे, आतल्या लोकरीच्या जातीचा कुत्रा, नऊ वर्षांचा. उणे बावीसला तो बर्फात लोळतो. तोच उणे एकला चार घरं ओलांडून पाय उचलतो आणि माझ्याकडे बघत उभा राहतो. शेजारच्या घरी पुण्याहून आणलेली गावठी कुत्री आहे. तिच्या अंगावर आतली लोकर नाही, एकच पातळ केसांचा थर. तिला उणे आठला जाकीट लागतं आणि पंधरा मिनिटांत घरी यायचं असतं. दोघांना एकच आकडा कसा लावणार?

पंज्यांकडे घरी आल्यावर बघणं

मला सगळ्यात जास्त चीड येते ती या चुकीची, कारण ती टाळायला पाच मिनिटं पुरतात.

नव्या माणसाला वाटतं, थंडी जितकी कडक तितका पंज्यांना त्रास जास्त. तसं नसतं. कडक थंडीत बर्फ कोरडा असतो, बुटाखाली कुरकुरतो, केसांना धरत नाही. कुत्र्याच्या पायात गरम रक्त खाली नेणाऱ्या आणि गार रक्त वर आणणाऱ्या वाहिन्या एकमेकींना खेटून असतात. वर येणारं रक्त वाटेतच ऊब घेतं, म्हणून पंज्याची गादी सहजासहजी गोठत नाही. खरा त्रास शून्याच्या आसपास होतो. ओला बर्फ बोटांमधल्या केसांना चिकटतो, प्रत्येक पावलागणिक वाढतो, आणि दहा मिनिटांत बोटांच्या बेचक्यात बोराएवढा टणक गोळा बसतो. मग कुत्रा बोटं फाकवून चालतो. असा गोळा ओढून काढू नका, केसांसकट कातडी ओढली जाते. मी हातमोजा काढते, पंजा उघड्या तळव्यात धरते आणि गोळा सुटेपर्यंत तिथेच उकिडवी बसते. एका पायाला मिनिटभर लागतं. तेवढा वेळ नसेल तर त्या दिवशी लांब जाऊ नये.

मोठ्या रस्त्यांवर मीठ टाकतात. मिठाने पातळ झालेला चिखल शून्याच्या बराच खाली जाऊनही वाहता राहतो, म्हणजे कुत्र्याचा पाय बर्फाहून गार पाण्यात पडत असतो. त्यात मीठ भेगांमध्ये झोंबतं. पायवाटांवर बारीक फोडलेली खडी पसरतात, तिच्या कडा धारदार असतात. घरी आल्यावर कुत्रा पंजे चाटतो आणि हे सगळं पोटात जातं.

माझा नेम असा आहे. दर रविवारी बोथट टोकाच्या कात्रीने बोटांमधले केस गादीच्या पातळीत कापते. बाहेर पडण्याआधी मेणाचं मलम लावते. "आधी" या शब्दावर मी अडून बसते, कारण निम्मे लोक पंजे फाटल्यावर लावतात. परत आलो की दाराशीच टबात कोमट पाणी. गरम नाही, कोमट. बोटांच्या बेचक्या टॉवेलने कोरड्या करायच्या. तिळू आता न सांगता एकेक पाय पुढे करतो, पण ती सवय लागायला एक अख्खा हिवाळा गेला.

आणि बूट. ऑनलाइन चार बूट मागवायचे, दारात चढवायचे, उणे अठरात तासभर फिरायला निघायचं, हा शॉर्टकट मी इतक्यांदा पाहिला आहे की आता रस्त्यात अनोळखी माणसालाही थांबवते. ओळखीच्या एका जोडप्याने बूट गळू नयेत म्हणून पट्ट्या करकचून आवळल्या होत्या. घरी येऊन काढले तर मागच्या पायाची बोटं गार आणि सुजलेली. आवळलेल्या पट्टीने रक्त अडतं आणि त्या थंडीत रक्त अडणं म्हणजे बोटं गोठायला आमंत्रण. बूट वाईट नाहीत. अलास्कातल्या इडिटारॉड या कुत्र्यांच्या स्लेजच्या शर्यतीत तर प्रत्येक कुत्र्यामागे आठ बूट बाळगावे लागतात. पण ती माणसं कुत्र्याला बुटांची सवय करतात. तुम्हीही आठवडाभर घरात घाला, एका वेळी दोन पाय, पाच मिनिटं. पट्टीखाली करंगळी सरकली पाहिजे. बाहेर दर दहा मिनिटांनी एक बूट काढून बोटांना हात लावून बघा.

बर्फ जाड दिसतो म्हणून त्यावर जाणं

हे लिहिताना आजही माझ्या पोटात गोळा येतो.

माझा इथला तिसरा हिवाळा, तिळू दीड वर्षाचा. एप्रिलचा दुसरा आठवडा, लख्ख ऊन. जानेवारीपासून आम्ही त्याच किनाऱ्यावरून समुद्राच्या बर्फावर फिरत होतो. माणसं स्की करत जायची, म्हातारे भोकं पाडून मासे धरत बसायचे. तो बर्फ माझ्या लेखी जमीनच झाला होता. त्या दिवशी मासे धरणारा एकच जण होता आणि तो बर्फावर नव्हता, काठावर सामान आवरत होता. ते बघूनच मला कळायला हवं होतं.

नदीच्या मुखाकडे थोडं पाणी मोकळं झालं होतं, त्यात बदकं उतरली होती. तिळूच्या पट्ट्याला दहा मीटरचा लांब दोर होता आणि माझ्या हातातून तो मी सोडला होता. दोन मिनिटांसाठी. तो बदकांच्या दिशेने पळाला आणि काठापासून पंधरा-वीस पावलांवर त्याचं मागचं अंग खाली गेलं. मोठा आवाजही झाला नाही. ओली साखर ढासळावी तसा बर्फ खचला. पुढचे दोन्ही पंजे कडेवर रोवून तो वर यायला बघत होता आणि प्रत्येक वेळी कड तुटत होती.

मी धावले. तीन पावलं गेले असेन, तेवढ्यात मागून सामान आवरणाऱ्या त्या म्हाताऱ्या आजोबांनी ओरडून मला थांबवलं आणि कोटाला धरून मागे खेचलं. मग ते स्वतः काठावर पोटावर आडवे झाले, बर्फ फोडायची लांब पहार पुढे सरकवली आणि तिच्या टोकाने दोराचं मोकळं टोक अडकवून ओढलं. दोर हाती आल्यावर आम्ही दोघांनी तिळूला आडवा, सपाट, बर्फावरून घसटत काठावर आणला. दोर छातीपट्ट्याला होता, गळ्याला असता तर असं ओढता आलं नसतं. वर आला तेव्हा त्याच्या छातीवरचे केस क्षणात गोठले आणि तो थरथरला की त्यातले बर्फाचे मणी घुंगरांसारखे वाजायचे. तो आवाज मी विसरलेले नाही.

आजोबांनी दोनच गोष्टी सांगितल्या. कुत्र्याच्या मागे माणसाने जायचं नाही. आणि 112 ला फोन करायचा, इथले अग्निशमनवाले प्राण्यांसाठीही येतात.

तेव्हापासून मी बर्फ वाचायला शिकले. चांगला बर्फ काळसर, काचेसारखा असतो. फिनिशमध्ये त्याला 'तेरासयाआ' म्हणजे पोलादी बर्फ म्हणतात, आणि त्याचा 5 सेंटीमीटरचा थर एका माणसाचं वजन पेलतो. स्नोमोबाइलला 15 सेंटीमीटर लागतो. वर पडलेला बर्फ पाण्यात भिजून गोठतो तो पांढरट 'कोहवा'. त्याची ताकद साधारण निम्मी धरायची. आणि हे सगळे आकडे हिवाळ्याचे आहेत. एप्रिलच्या उन्हाने बर्फाच्या आत उभ्या सळया सुट्या होतात, मेणबत्त्यांची जुडी उभी ठेवावी तशा. मग तो हातभर जाड असला तरी पायाखाली विस्कटतो. नदीमुख, पुलाखालची जागा, लव्हाळ्याचं रान, दोन बेटांमधली चिंचोळी वाट, इथे भर हिवाळ्यातही विश्वास नाही. ओउलुयोकी नदीवर तर गावातच मेरिकोस्कीचं वीजकेंद्र आहे. तिथलं पाणी हलत असतं, वरून काही कळत नाही.

आता बर्फावर जाताना माझ्या गळ्यात 'नास्कालित' असतात. हे दोरीने जोडलेले दोन टोचे. स्वतः पाण्यात पडलात तर ते बर्फात रोवून बाहेर येता येतं. पडल्यावर पहिलं मिनिट फक्त श्वास ताब्यात आणायचा, पुढची दहाएक मिनिटं हातपाय ऐकतात, तेवढ्यात बाहेर यायचं. मार्चच्या शेवटापासून मी बर्फावर जातच नाही. इतर जात असले तरी नाही. "काल तर तिथून लोक गेले" हे मला सांगू नका, काल मीही गेले होते.

ओल्या कुत्र्याला घरी आणून गरम पाण्याखाली धरू नका आणि चोळूही नका. कोरड्या टॉवेलात गुंडाळा, ओला पट्टा काढा, सावकाश ऊब द्या आणि व्हेटला फोन करा. कान, शेपटीचं टोक पांढरट आणि कडक लागलं तरी हेच. बर्फाने चोळायचा जुना उपाय कातडीची वाट लावतो.

अंधारात आपोआप लांबणारी दोरी

डिसेंबरच्या शेवटी इथे उजेड जेमतेम साडेतीन तास असतो, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ दोन्ही फेऱ्या काळोखात. ओउलुत लोक भर बर्फात सायकल चालवतात, तीही वेगात, आणि पायवाट दोघांची एकच. तुम्ही एका कडेला, कुत्रा दुसऱ्या कडेला आणि मध्ये पाच मीटर बारीक काळी दोरी. सायकलवाल्याला ती दिसणं शक्यच नाही. या दोऱ्या हिवाळ्यात कपाटात ठेवा. दोन मीटरची रुंद, चमकणारी दोरी पुरते. कुत्र्याच्या गळ्यात दिवा, तुमच्या अंगावर रिफ्लेक्टर. अंधारात पायी चालणाऱ्याने रिफ्लेक्टर लावायचा असं इथला कायदाच सांगतो.

दोरीचा फास मनगटात अडकवून चालू नका. पाऊस पडून वर गोठलेल्या वाटेवर कुत्र्याने हिसका दिला की पडताना हात टेकवता येत नाही. बुटांना खिळ्यांचे पट्टे लावा, वय कितीही असो.

बाकीच्या, पटापट

भारतातून आणलेले जाड सुती कपडे आत घालू नका. घाम धरतात आणि थांबलात की गार पडतात. अंगाला लोकर लागू द्या. कुत्र्यामागे चालणं म्हणजे सतत थांबणं, हे लक्षात ठेवून एक थर जास्त.

कुत्रा बर्फ खातो म्हणून त्याला पाणी नको, असं नाही. हीटरने घरातली हवा कोरडी होते. मी कोमट पाण्यात चमचाभर मटणाचं पाणी घालते, मीठ-कांदा-लसूण न घातलेलं. तिळू वाटी चाटूनपुसून ठेवतो.

गाडीच्या रेडिएटरमधलं अँटीफ्रीझ गोडसर असतं आणि कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करतं. पार्किंगमध्ये हिरवट-निळं डबकं दिसलं की लांबून जा. चाटलं असेल तर लक्षणांची वाट बघू नका, त्याच घटकेला व्हेट.

उभ्या गाडीत कुत्र्याला सोडून दुकानात जाऊ नका, गाडी बघता बघता शीतपेटी होते. फोन आतल्या खिशात ठेवा, उणे वीसला बॅटरी दगा देते. लॅपहुंडाला जाकीट घालू नका. त्याची आतली लोकर दबते आणि ऊब उलट कमी होते, मग फोटो कितीही छान येवो.

हस्की घेण्याआधी माझ्याशी बोला, घेतल्यावर नको. दिवसाला वीस मिनिटं देणाऱ्या घरात तो जनावराचा छळ आहे.

भारतातून आपला कुत्रा आणणार असाल तर तिकिटं आधी काढू नका. रेबीजच्या लसीनंतर किमान 30 दिवसांनी रक्त तपासायला द्यायचं, आणि ते रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबायचं. निघताना जंताचं औषध फिनलंडला पोचण्याआधी 24 ते 120 तासांत, व्हेटच्या नोंदीसह. यात घाई करायला जागाच नाही. घाई केलेल्यांचे कुत्रे मागे राहतात.

स्कीच्या वाटेवर

सपाट, सुंदर दाबलेली वाट दिसली म्हणून कुत्र्याला घेऊन तिच्यावर चालू नका. ती स्कीसाठी यंत्राने आखलेली असते. पंज्यांची आणि बुटांची भोकं रात्री गोठतात आणि सकाळी एखाद्या आजीची स्की त्यात अडकते. कुत्र्याला त्या वाटेवर न्यायला कायद्यानेही मनाई आहे. कुत्र्यासाठी वेगळ्या वाटा आखलेल्या असतात, त्यांना 'कोइरालातु' म्हणतात. महापालिकेच्या नकाशात त्या दाखवलेल्या असतात, दहा मिनिटं बसून शोधा.

मार्चमध्ये बर्फावर कडक पापुद्रा येतो आणि माणूससुद्धा जंगलात कुठूनही चालू शकतो. वर्षातले हे माझे सगळ्यात आवडते दिवस. दुपारी मात्र तो पापुद्रा मऊ होऊन तुटतो आणि त्याची कड कुत्र्याच्या नडगीला काचेसारखी कापते. म्हणून आम्ही सकाळी सहाला निघतो आणि दहापर्यंत परततो. आणि जंगल मोकळं दिसलं तरी दोर सोडायचा नाही. 1 मार्च ते 19 ऑगस्ट कुत्रा बांधलेलाच हवा, कारण रानातली जनावरं तेव्हा गाभण असतात किंवा पिल्लं सांभाळत असतात. तिळूचा तोच दहा मीटरचा दोर आता माझ्या कमरेच्या पट्ट्याला असतो.