कोरड्या खोकल्यावर सुंठ-ज्येष्ठमधाच्या गोळ्या: गूळ विरघळवा, पाक करू नका

कोरडा खोकला रात्री आडवं झालं की जास्त छळतो. अशा वेळी काढ्यापेक्षा चघळायची गोळी बरी. काढा घशावरून सरकून जातो. गोळी तोंडात असेपर्यंत लाळ सुटत राहते आणि घसा ओला राहतो.

अर्धी वाटी किसलेला साधा गूळ, सुंठपूड आणि ज्येष्ठमधाची पूड प्रत्येकी ३ छोटे चमचे, अर्धा चमचा हळद, ३ चमचे साजूक तूप. ज्येष्ठमधाची पूड वस्त्रगाळच हवी. त्याच्या काड्या चिवट असतात, नीट चाळलं नाही तर धागे राहतात आणि आधीच हुळहुळलेल्या घशाला टोचतात.

मंद आचेवर तुपात हळद अर्धा मिनिट परता.

आता गूळ. पुष्कळ जण बिनदिक्कत सांगतात, ‘गुळाचा पाक करा.’ अजिबात करू नका! पाक झाला की गोळी दगड होते, नाहीतर चिक्कीसारखी दाताला चिकटते. चिक्कीचा गूळही याच कारणासाठी नको. गूळ हळदीच्या तुपात घाला, आच मंदच ठेवा आणि हलवत राहा. खडे मोडून गूळ सरसरीत झाला, कडेला पहिला बुडबुडा आला, की कढई खाली. ‘अजून जरा होऊ दे’ म्हणत थांबलात की बिघडलंच, कारण तापलेली कढई गॅस बंद केल्यावरही गूळ शिजवत राहते. सुंठ-ज्येष्ठमधाची पूड कढई खाली उतरवल्यावरच मिसळा. मिश्रण सैल वाटलं तरी जास्तीची सुंठ घालू नका, गोळी जहाल होते. पाच मिनिटं थांबा, आपोआप आळतं. भुगा होत असेल तर चमचाभर तूप घाला.

कोमट असतानाच तुपाच्या हाताने हरभऱ्याएवढ्या गोळ्या वळा.

दिवसाला तीन-चार पुरे. चावू नका, वर लगेच पाणी पिऊ नका. लहान मुलांच्या घशात गोळी अडकू शकते, त्यांना देऊ नका. रक्तदाब असेल किंवा दिवस गेले असतील तर ज्येष्ठमध वगळा, त्याने रक्तदाब वाढतो. मधुमेहींना हा गूळ नकोच.

रामिप्रिल, एनालाप्रिल अशा रक्तदाबाच्या गोळ्यांनीही कोरडा खोकला येतो. तिथे सुंठ काही करणार नाही, औषध बदलायचं का ते डॉक्टरांना विचारा. खोकला दोन आठवड्यांवर गेला तर घरगुती उपाय थांबवून क्षयाची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. थुंकीतून रक्त, धाप किंवा ताप असेल तर तेवढेही दिवस थांबू नका.