मन खचल्यानंतर लहान आनंद पुन्हा कसे शोधावेत

उदास काळात उत्साहाची वाट पाहत बसू नये. आधी कृती करावी, कारण गोडी बहुधा कृतीच्या मागून परतते. रोज १० मिनिटांत होणारी एकच गोष्ट आदल्या रात्री वेळेसह लिहून ठेवावी. नाशिककरांना गोदाघाट जवळचा आहे: सकाळी रामकुंडाजवळ मोबाईल खिशात ठेवून पाण्याचा आवाज, झेंडूचा वास किंवा दगडी पायऱ्यांचा गारवा यांपैकी एकाकडेच लक्ष द्यावे आणि मन भरकटले, तरी स्वतःला दोष न देता पुन्हा तिकडे वळावे. जमल्यास मित्रासोबत मिसळ खावी. मला पदार्थापेक्षा सोबतीचे मोल अधिक वाटते. रात्री काय बरे वाटले, ते एका ओळीत टिपावे. उदासी २ आठवड्यांहून अधिक टिकल्यास टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर अवश्य बोलावे.