वाफाऱ्याचं मशीन घेताना कसं पारखावं

आषाढात खानापूरकडे पाऊस धरून राहिला की घरोघरी नाकं चोंदतात आणि बेळगावच्या मेडिकलमधून वाफाऱ्याची मशीनं भराभर खपतात. दुकानदार प्लग लावतो, पांढरे लोट निघतात, गिऱ्हाईक खूश. पण डोळ्याला दिसते ती वाफ नव्हेच. दमट, गार हवेत वाफ निवून झालेले ते बारीक थेंब. तेच मशीन मे महिन्यात लावा, लोट निम्मेही दिसणार नाहीत. तेव्हा लोट बघू नका, मोजून बघा.

आधी झाकण उघडा. पाण्यात बुडणाऱ्या दोन कांड्या दिसल्या तर ते इलेक्ट्रोडचं मशीन. त्यात वीज थेट पाण्यातून जाते, म्हणजे चालू असताना पाण्यालाच करंट असतो. कांड्या नसून तळाला धातूची सपाट बशी असेल तर ते हीटरचं. लहान मुलं असलेल्या घरात हीटरचंच घ्यावं, चार पैसे जास्त गेले तरी. इलेक्ट्रोडचं असेल तर पाणी घालताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचाच.

हीटरच्या मशीनची ताकद घरी तपासता येते. पाणी उकळू लागलं की १०० वॉटमागे मिनिटाला साधारण २.६ मिली पाण्याची वाफ होते. म्हणजे ३०० वॉटचं मशीन ५ मिनिटांत फार तर ४० मिली पाणी उडवेल. औषधाच्या सिरिंजनं १०० मिली पाणी मोजून भरा, वाफ जोरात सुरू झाली की ५ मिनिटं धरा, बंद करून निवल्यावर उरलेलं पाणी मोजा. ३०० वॉटच्या मशीनमधून ३० ते ४० मिली कमी झालं तर मशीन चांगलं. २० च्या आत असेल तर ताकद कमी. आणि ५०-६० मिली गेलं तर खूश होऊ नका, मशीन वाफेबरोबर उकळतं पाणीही थुंकतंय. कोरडी पाटी मशीनच्या तोंडापासून वीतभर लांब मिनिटभर धरा: नुसता ओलसर थर आला तर ठीक, टपोरे थेंब दिसले तर तोंड भाजणार. बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्यानं इथं पाणी ९७-९८ अंशांनाच उकळतं, पण कातडी सोलायला तेवढं पुरतं.

व्होल्टेज बघून चाचणी घ्या. २३० चं १८० झालं तर साध्या कॉइलच्या हीटरची ताकद जवळजवळ ४० टक्क्यांनी उतरते. तो दोष मशीनचा नव्हे.

इलेक्ट्रोडच्या मशीनला हे गणित लागू नाही, तिथं सगळा खेळ पाण्यातल्या क्षारांचा. बोअरच्या पाण्यावर ते लगेच पेटतं, आरओ फिल्टरच्या किंवा पागोळीच्या पाण्यावर ढिम्म बसतं. मग चिमूटभर मीठ घालावं, चिमूटभरच. चमचाभर टाकलं की पाणी उसळतं, कांड्या झिजतात, घरातला एमसीबी (करंट फार वाढला की आपोआप पडणारा स्विच) ही पडतो.

आपोआप बंद होण्याची सोय लिहिलेली असेल तर २० मिली पाण्यावर चालवून समोर बसून राहा. पाणी संपल्यावर जळका वास आला तर त्याच दिवशी परत करा.

ओवा, तुळस, निलगिरी टाकीत घालू नये. ओव्याचे दाणे मशीनच्या तोंडात अडकतात आणि तेलानं प्लास्टिक तडकतं. औषधाची वेगळी वाटी असेल तरच ते त्यात. लहान मुलांच्या वाफेत कापूर, निलगिरी काहीच नको. दमा असणाऱ्यांनी याला नेब्युलायझर समजू नये, औषध फुप्फुसापर्यंत पोचवणं या मशीनचं काम नाही.

बोअरच्या पाण्यानं महिन्याभरात तळाला पांढरी खपली धरते. १०० मिली कोमट पाण्यात छोटा चमचा लिंबूसत्त्व घालून मशीन बंद ठेवूनच अर्धा तास मुरू द्या, मग दोनदा विसळा. चाकूनं खरवडलं तर बशीवर चरे पडतात आणि पुढची खपली तिथंच घट्ट धरते.