इंग्लंडमधील अश्वप्रदर्शनांच्या स्टॉलवर हंगामी काम करू इच्छिणाऱ्यांसाठी

इंग्लंडमध्ये घोड्यांच्या प्रदर्शनांचा मोठा हंगाम मे महिन्यात ग्लॉस्टरशरमधील बॅडमिंटन गावच्या आणि रॉयल विंडसरच्या प्रदर्शनांपासून सुरू होतो, जुलैमध्ये ससेक्समधील हिकस्टेडला व सप्टेंबरच्या आरंभी लिंकनशरमधील स्टॅमफर्डजवळच्या बर्लीला पोहोचतो, आणि ऑक्टोबरात बर्मिंगहॅमच्या बंदिस्त सभागृहात शिरतो. खोगिरे, झुली, बूट, हेल्मेट विकणारे व्यापारी व्हॅन भरून या गावाहून त्या गावाला जातात आणि प्रत्येक ठिकाणी त्यांना चार-पाच दिवसांसाठी माणसे लागतात. मी बारा वर्षांपूर्वी साताऱ्याहून आल्यावर पहिल्या उन्हाळ्यात असेच काम धरले, आणि आजही हंगामात काही आठवडे करतो.

सर्वांत आधी स्वतःचा व्हिसा वाचा. पदवी वा पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला शिक्षण चालू असताना सोमवार ते रविवार या आठवड्यात बहुधा २० तासच काम करता येते, आणि मांडामांडीचा एक दिवस, विक्रीचे चार दिवस व शेवटची आवराआवर मिळून हे तास तिसऱ्या दिवशीच संपतात. आपली बहुतेक मुले एक वर्षाच्या मास्टर्ससाठी येतात आणि जून ते सप्टेंबर सुट्टी आहे असे धरून चालतात; परंतु प्रबंधाचा हा काळ सहसा शिक्षणाचाच मानला जातो, त्यामुळे २० तासांची मर्यादा तेव्हाही लागू राहते. विद्यापीठाच्या तारखा लेखी घेतल्याशिवाय बर्लीचा होकार देऊ नका. ‘स्वयंरोजगार म्हणून बिल पाठव, मी एकरकमी देतो’ असे कोणी म्हणाले, तर नम्रपणे नाही म्हणा, कारण विद्यार्थी व्हिसावर स्वयंरोजगाराला परवानगी नाही. चार दिवसांच्या कमाईसाठी पुढची सगळी वाट बंद होऊ नये, ही माझी कळकळ आहे.

कामाचा दर, राहण्याची सोय आणि मांडामांडीच्या तासांचे पैसे, हे सर्व निघण्यापूर्वी लेखी ठरवा. २१ वर्षे व त्यावरील कामगारांचा किमान दर एप्रिल २०२५ मध्ये ताशी १२.२१ पाउंड झाला. तो दर एप्रिलमध्ये बदलतो, म्हणून चालू वर्षाचा आकडा पाहून घ्या. पहिल्या हंगामात मी हे विचारले नाही आणि मांडामांडीचे दोन दिवस फुकट गेले. मैदान भिजले की प्रदर्शनच रद्द होऊ शकते, जसे २०१२ साली बॅडमिंटनचे झाले. अशा वेळी काय मिळणार, हेही विचारून ठेवा.

मालाची माहिती नसेल तर ग्राहक दोन मिनिटांत ओळखतो. घोड्याची उंची ‘हँड’मध्ये सांगतात आणि एक हँड म्हणजे चार इंच, म्हणून १४.२ हा दशांश नसून १४ हँड व दोन इंच, म्हणजे ५८ इंच आहे, आणि १५.३ नंतर १६ येतात. झुलीचे माप मात्र उंचीवरून नव्हे, तर छातीच्या मध्यापासून कुशीवरून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंतच्या लांबीवरून घेतात. हेल्मेटच्या बाबतीत तर अंदाजाला जागाच नाही. ते कपाळावर आडवे बसले पाहिजे, डोके हलवल्यावर हलता कामा नये, आणि एकदा जोराचा मार बसल्यावर ते बदललेच पाहिजे. आपल्याकडे मुलांना वाढत्या अंगाचे कपडे घेतात, पण आईने कितीही आग्रह केला तरी लहान मुलाला एक माप मोठे हेल्मेट देऊ नका. ही माहिती नसेल तर प्रशिक्षण घेतलेल्या सहकाऱ्याला बोलवा. मी आजही तसेच करतो.

जोधपूर या शहराच्या नावाची विजार इथे रोज विकावी लागेल, आणि बॅडमिंटन खेळाला नाव देणारा वाडाही बॅडमिंटनच्या प्रदर्शनाच्या मैदानाला लागूनच आहे. पुण्याच्या छावणीत इंग्रज अधिकारी तो खेळ खेळत, हे ग्राहकांना सांगितले की त्यांना आवडते.

मे महिन्यातही सकाळी अंगात थंडी भरते, म्हणून गमबूट, पावसाळी कोट आणि दोन जोड्या कोरडे मोजे बरोबर असू द्या. बॅडमिंटनला क्रॉस-कंट्रीच्या, म्हणजे मोकळ्या रानातून अडथळे ओलांडत घोडे पळवण्याच्या शर्यतीच्या शनिवारी गर्दी सर्वाधिक असते, तेव्हा जेवणाची सुट्टी आधीच वाटून घ्या. रविवारी गर्दी ओसरेपर्यंत व्हॅन आत आणू देत नाहीत, म्हणून आवराआवर रात्रीपर्यंत चालते. बॅडमिंटन गावात रेल्वे स्थानकही नाही, तेव्हा परतीचे तिकीट सोमवारचे काढा.