क्लायंटचे ॲप क्लायंटच्याच नावावर कसे ठेवावे

काही वर्षांपूर्वी फेब्रुवारी महिन्यात रत्नागिरीकडचे एक आंबा बागायतदार त्यांचे ॲप दुरुस्त करून घेण्यासाठी माझ्याकडे आले. हापूसच्या पेट्या थेट गिऱ्हाइकांना विकण्यासाठी त्यांनी ते २०१९ साली दुसऱ्या एका डेव्हलपरकडून करून घेतले होते. पिशवीतून त्यांनी हिशेबाची वही काढली; तिच्या शेवटच्या पानावर गुगल प्लेच्या खात्याचा ईमेल आणि पासवर्ड निळ्या शाईने लिहून ठेवलेला होता. खाते त्यांच्याच नावाचे होते, पासवर्डही चालला, आणि तरीही मला त्या ॲपची नवी आवृत्ती चढवता आली नाही, कारण ॲपवर सही करणारी की-स्टोअर फाइल पहिल्या डेव्हलपरच्या लॅपटॉपवर होती आणि तो लॅपटॉप फॉरमॅट झालेला होता. शेवटी नवे पॅकेज नाव, म्हणजे प्ले स्टोअरवर ॲप ज्याने ओळखले जाते ते नाव, घेऊन ॲप नव्याने प्रसिद्ध करावे लागले. जुने रिव्ह्यू गेले, आणि हंगाम तोंडावर आलेला असताना त्यांच्या घरातली माणसे वहीतले नंबर लावून एकेका गिऱ्हाइकाला नवे ॲप घ्यायला सांगत बसली.

तेव्हापासून कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी खाती, किल्ल्या आणि हक्क क्लायंटच्या नावे लावून घेण्याचा नियम मी पाळत आलो आहे. अनेक डेव्हलपर सोयीसाठी सगळ्या क्लायंटची ॲप स्वतःच्याच खात्यावर चढवतात. ते टाळावे. एका क्लायंटच्या ॲपमुळे गुगलने खाते बंद केले, तर त्याच खात्यावरची बाकीची ॲपही जातात आणि संबंधित वाटणारी इतर खातीही बंद होऊ शकतात. ॲपलच्या नियमांनुसार तयार साच्यातून बनवलेले ॲप ज्याचा मजकूर आहे त्यानेच सादर करावे लागते. बँकिंग, आर्थिक सेवा किंवा आरोग्य या क्षेत्रांतले ॲपही ती सेवा देणाऱ्या संस्थेकडूनच यावे, अशी ॲपलची अपेक्षा असते. पतसंस्थेचे किंवा रुग्णालयाचे काम घेताना ही गोष्ट पहिल्याच बैठकीत सांगावी.

खाते कोणत्या प्रकारचे असावे, हे क्लायंटच्या कायदेशीर स्वरूपावर ठरते. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) असेल तर संस्थेचे खाते उघडावे. त्यासाठी ॲपल आणि गुगल दोघांनाही डी-यू-एन-एस क्रमांक लागतो. हा नऊ आकडी क्रमांक डन अँड ब्रॅडस्ट्रीट ही संस्था देते. त्यांच्या नोंदीतले नाव आणि पत्ता कंपनीच्या नोंदणीपत्राशी अक्षरशः जुळला पाहिजे, कारण एका ठिकाणी ‘प्रा. लि.’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘प्रायव्हेट लिमिटेड’ एवढ्या फरकानेही पडताळणी अडकते. ॲपलला याशिवाय संस्थेची चालू वेबसाइट आणि तिच्याच डोमेनवरचा ईमेल पत्ता लागतो. आपल्याकडचे बहुतेक छोटे व्यावसायिक मात्र प्रोप्रायटर, म्हणजे एकट्या मालकीचा धंदा करणारे, असतात. ॲपल दुकानाचे किंवा व्यापारी नाव स्वीकारत नाही, त्यामुळे प्रोप्रायटरला वैयक्तिक खाते घ्यावे लागते आणि ॲप स्टोअरवर विक्रेता म्हणून दुकानाऐवजी मालकाचे स्वतःचे नाव दिसते. हे आधी सांगितले नाही, तर ॲप प्रसिद्ध झाल्याच्या दिवशी फोन येतोच. गुगलवर १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला ॲप सर्वांसाठी खुले करण्याआधी किमान १२ परीक्षकांकडून सलग १४ दिवस बंदिस्त चाचणी करून घ्यावी लागते. क्लायंटचे नातेवाईक आणि कर्मचारी यांची यादी त्यासाठी वेळेवर तयार ठेवावी आणि वेळापत्रकात हे दोन आठवडे धरावेत.

खाते उघडताना शक्य असेल तर क्लायंटच्या शेजारी बसावे, पण कळफलक त्यांच्याच हाती असावा. ईमेल कोणा कर्मचाऱ्याच्या नावाचा नको. संस्थेच्या डोमेनवर खास या कामासाठी वेगळा पत्ता काढावा. ओटीपी ज्या मोबाइलवर येणार तो मालकाचा असावा, कारण नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या सिमकार्डावर ओटीपी जाऊ लागला की पासवर्ड माहीत असून उपयोग होत नाही. ॲपलची वर्गणी वर्षाला ९९ डॉलर आहे आणि गुगलचे शुल्क एकदाच २५ डॉलर आहे. दोन्ही क्लायंटच्या कार्डावरूनच भरावे. आपल्या बँकांच्या कार्डांवर आंतरराष्ट्रीय व्यवहार मुद्दाम सुरू करावे लागतात, हे आदल्या दिवशी कळवले की वेळ वाचतो.

यानंतर आपण त्या खात्यात आमंत्रित म्हणून यावे. मालकाचा पासवर्ड मागू नये, आणि त्यांनी विश्वासाने दिला तरी घेऊ नये. प्ले कन्सोलमध्ये, म्हणजे गुगल प्लेवरची ॲप सांभाळण्याच्या संकेतस्थळावर, क्लायंट आपला ईमेल जोडून त्या एका ॲपपुरते अधिकार देऊ शकतो. ॲपलवर संस्थेचे खाते असेल तर ॲप मॅनेजर ही भूमिका रोजच्या कामाला सहसा पुरते. अकाउंट होल्डर, म्हणजे खात्याचा मुख्य धारक, मात्र क्लायंटच राहतो. ॲपलचे करार बदलले की नवा करार फक्त त्यालाच मान्य करता येतो आणि तोवर नवी आवृत्ती सादर करता येत नाही, म्हणून ॲपलकडून येणारे ईमेल वाचायची सवय त्यांना लावावी. वैयक्तिक खात्यात एक अडचण आहे: जोडलेल्या माणसाला ॲप स्टोअर कनेक्ट, म्हणजे ॲपलवरची ॲप सांभाळण्याचे संकेतस्थळ, दिसते, पण ॲपवर सही करायला लागणाऱ्या प्रमाणपत्रांचा विभाग उघडत नाही. अशा वेळी आपल्या मॅकवर प्रमाणपत्राची विनंती फाइल तयार करून क्लायंटला पाठवावी. ती त्यांनी त्यांच्या खात्यातून चढवून मिळालेले प्रमाणपत्र आपल्याला परत द्यावे.

आता किल्ल्यांकडे वळू, कारण माझ्या बागायतदारांचे नुकसान तिथेच झाले होते. ऑगस्ट २०२१ पासून नव्या ॲपना प्ले ॲप साइनिंग सक्तीचे आहे. त्यात अंतिम सहीची किल्ली गुगलकडे राहते आणि आपल्याकडची अपलोड किल्ली हरवली तर खातेदाराला ती बदलून मागता येते. जुने ॲप हाती आले तर ते या व्यवस्थेत आहे की नाही, हे पैशांचे बोलणे करण्यापूर्वी तपासावे. नसेल तर की-स्टोअर फाइल, तिचा पासवर्ड, किल्लीचे टोपणनाव आणि त्या किल्लीचा पासवर्ड या चारही गोष्टी हातात पडल्याशिवाय काम स्वीकारू नये. ॲपलच्या पुश सूचनांची किल्ली एकदाच डाउनलोड करता येते, म्हणून ती मिळताक्षणी क्लायंटच्या पासवर्ड व्यवस्थापकात ठेवावी. फायरबेस ही ॲपचा डेटा, लॉगिन वगैरे सांभाळणारी गुगलची सेवा; तिच्या प्रकल्पात क्लायंटला ओनर ही भूमिका द्यावी आणि बिलिंगही त्यांच्याच नावे लावावे. नकाशांची एपीआय किल्ली (ॲपला ती सेवा वापरू देणारा सांकेतिक शब्द), डोमेन आणि पेमेंट गेटवेचे केवायसी यांनाही हाच न्याय लावावा. भारतात ओटीपीचे एसएमएस पाठवायचे तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे डीएलटी या दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी मंचावर व्यवसायाची, हेडरची (एसएमएस पाठवणाऱ्याचे नाव म्हणून दिसणारी अक्षरे) आणि मजकुराच्या साच्याची नोंदणी लागते. तीही क्लायंटच्या नावानेच व्हावी. डेव्हलपरच्या नावावरचे हेडर वापरून चाललेले ॲप मी पाहिले आहे, आणि पुढे संबंध बिघडल्यावर त्या ॲपमध्ये नव्या गिऱ्हाइकांना लॉगिन करणेच अशक्य झाले होते.

ॲप आधीच आपल्या खात्यावर असेल तर ते रीतसर हस्तांतरित करता येते. गुगलवर त्यासाठी नोंदणी शुल्काचा व्यवहार क्रमांक लागतो. रिव्ह्यू, वापरकर्ते आणि सबस्क्रिप्शन ॲपबरोबर जातात, पण फायरबेससारख्या जोडलेल्या सेवा वेगळ्या सोपवाव्या लागतात. ॲपलवर निदान एक आवृत्ती प्रसिद्ध झालेली असावी लागते, आणि आपण क्लायंटचा टीम आयडी (ॲपलने त्यांच्या खात्याला दिलेला ओळख क्रमांक) व त्यांच्या अकाउंट होल्डरचा ईमेल देऊन विनंती केली की ती स्वीकारायला त्यांना ६० दिवस मिळतात. ॲपमध्ये ‘साइन इन विथ ॲपल’, म्हणजे ॲपलच्या खात्याने लॉगिन करण्याची सोय, असेल तर वापरकर्त्यांची ओळखचिन्हे नव्या टीमसाठी बदलून घ्यावी लागतात. त्याची मुदतही हस्तांतरणानंतर ६० दिवसांची आहे आणि ती चुकली तर वापरकर्ता स्वतःच्याच जुन्या खात्यात परत येऊ शकत नाही. म्हणून ही तयारी हस्तांतरणाचे बटण दाबण्याआधी पूर्ण करावी.

कोडच्या हक्काबद्दल मात्र दोन्ही बाजूंचा गैरसमज असतो. पैसे दिले म्हणजे कोड आपला झाला, असे क्लायंट धरून चालतो. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये संगणक प्रणाली ही साहित्यकृती मानली जाते आणि कलम १७ नुसार तिचा पहिला मालक सहसा तिचा लेखक असतो. नोकरीत असताना लिहिलेला कोड नोकरी देणाऱ्याचा होतो, पण कंत्राटावर लिहिलेला आपोआप होत नाही. हक्क द्यायचे तर कलम १९ प्रमाणे लेखी आणि सही केलेला करार लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे समजली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर हक्क भारतापुरतेच धरले जातात. दुबई किंवा अमेरिकेत ज्यांचे ग्राहक आहेत त्यांनी ही दोन वाक्ये करारात आहेत ना, हे पाहावेच. डेव्हलपरनेही आपल्या बाजूने लिहून घ्यावे की हक्क शेवटचा हप्ता जमा झाल्यावर हस्तांतरित होतील, आणि इतर कामांत वापरलेले त्याचे स्वतःचे कोडसंच त्याच्याकडेच राहतील व क्लायंटला त्यांच्या वापराचा कायमचा परवाना असेल. थकलेल्या पैशांसाठी ॲप स्टोअरवरून काढून टाकणे किंवा किल्ली अडवून ठेवणे मला मान्य नाही. वसुलीचा आधार करारातच असला पाहिजे.

काम संपल्यावर मी क्लायंटला एक पानाची नोंद देतो. त्यावर प्रत्येक खात्याचा ईमेल, ओटीपीचा मोबाइल, किल्ल्या कुठे ठेवल्या ती जागा आणि नूतनीकरणाच्या तारखा असतात, पासवर्ड नसतात. ॲपलची वर्गणी चुकली की ज्यांच्या फोनमध्ये ॲप आहे त्यांचे चालू राहते, पण नव्यांना ते डाउनलोड करता येत नाही, म्हणून ती तारीख मी मोठ्या अक्षरांत लिहितो. मग क्लायंटने माझ्यासमोर प्ले कन्सोल आणि ॲप स्टोअर कनेक्टमध्ये स्वतः लॉगिन करावे, वापरकर्त्यांच्या यादीतून माझे नाव काढावे आणि देखभालीचा करार असेल तरच ते पुन्हा जोडावे.