टेन्युअरच्या वाटेवर निघालात? आधी फाईल बांधा

अमेरिकेतल्या विद्यापीठांत सहायक प्राध्यापक म्हणून रुजू होणाऱ्या आपल्या मुलींचे हल्ली मला वरचेवर फोन येतात. अभिनंदन करून झालं की मी एकच सांगते: पहिल्या दिवसापासून स्वतःची फाईल स्वतः बांधा. टेन्युअरचा, म्हणजे कायमच्या नेमणुकीचा, निकाल साधारण सहाव्या वर्षी लागतो, पण मतं पहिल्या वर्षापासून बनत जातात. गोऱ्या तरुण सहकाऱ्याला 'अजून रुळतोय' म्हणून सांभाळून घेतात. आपल्याबद्दल, तसंच कृष्णवर्णीय आणि लॅटिना बायकांबद्दल, तिथे आधी शंका येते.

टीचिंग लोड, संशोधन सुरू करायला मिळणारा स्टार्टअप फंड, लॅबची जागा, जे काही तोंडी कबूल केलं असेल ते ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या. टेन्युअरचे निकषही लेखी मागा आणि त्या वर्षाची प्रत जपून ठेवा.

विभागप्रमुखांशी महत्त्वाचं बोलणं झालं की त्याच दिवशी ईमेल करा. तिसऱ्या वर्षीच्या आढाव्यात मला ऐकवलं गेलं, 'पेपर उत्तम आहेत, पण तू विभागात मिसळत नाहीस.' संध्याकाळी मी लिहिलं: 'आज आपण म्हणालात की माझ्या संशोधनावर समिती समाधानी आहे, मात्र मी मिसळत नाही. हा मुद्दा कोणत्या निकषात बसतो आणि मी नेमकं काय करावं, ते कृपया कळवावं.' उत्तर दोन ओळींचं आलं: ते अनौपचारिक बोलणं होतं. लेखी अहवालात तो मुद्दा आला नाही. अशा ईमेलमध्ये रागाचा एक शब्दही नको. जे लिहिता येत नाही ते घरच्या वहीत टिपा: तारीख, हजर कोण होतं, नेमके शब्द. विद्यार्थ्यांची माहिती असलेले कागद मात्र घरी नेऊ नका, तिथले नियम कडक आहेत.

'उच्चार कळत नाहीत' हा शेरा विद्यार्थ्यांच्या मूल्यांकनात येणारच. नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठातल्या एका ऑनलाइन कोर्सचा अभ्यास २०१५ मध्ये छापून आला. तपासलेलं काम वेळेवर परत मिळतं का, याला शिक्षक पुरुष आहे असं वाटलं तेव्हा ५ पैकी सरासरी ४.३५ गुण मिळाले, बाई आहे असं वाटलं तेव्हा ३.५५. काम सगळ्यांना एकाच वेळी परत मिळालं होतं! म्हणून दर सेमिस्टरला एखाद्या ज्येष्ठ सहकाऱ्याला वर्गात बसवा आणि लेखी अभिप्राय घ्या. आकड्यांच्या शेजारी तो असू द्या.

समित्यांचं ओझं वेगळंच. प्रत्येक समितीला एक 'आपल्यासारखी' हवी असते. नवीन काम आलं की विचारा, 'याच्या बदल्यात कोणतं सोडू?' आपलं दार ठोठावणाऱ्या परदेशी, कृष्णवर्णीय मुलींना मी कधीच परत पाठवलं नाही, तुम्हीही पाठवू नका. पण ते तास वार्षिक अहवालात नोंदवा. ते कामच आहे.

टेन्युअर नाकारलीच, तर कायदा आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या व्हार्टन स्कूलने प्राध्यापक रोझली टंग यांना नाकारली होती. त्यांच्या प्रकरणात १९९० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरवलं की सहकाऱ्यांचे गोपनीय अभिप्रायसुद्धा नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी पाहणाऱ्या समान रोजगार संधी आयोगाला (ईईओसी) द्यावे लागतील. आयोगाकडे तक्रार करायला एच-वन-बी व्हिसा आड येत नाही.

तक्रारीची मुदत मात्र १८० दिवसांची, बऱ्याच राज्यांत ३०० दिवसांची. १९८० च्या रिक्स खटल्यानुसार ती निर्णय कळवल्याच्या दिवसापासून मोजतात, नोकरीच्या शेवटच्या दिवसापासून नाही. विद्यापीठात अंतर्गत अपील चालू असलं तरी ती थांबत नाही. म्हणून पत्र हातात पडलं की त्याच आठवड्यात रोजगार कायद्याचा वकील गाठा, अपील त्याच्या बरोबरीने चालू द्या.