मेळघाटात दातांचं शिबिर भरवताना

शिबिर दोन दिवसांचं असेल तर दात पहिल्याच दिवशी, तेही दुपारच्या आत काढा. दुसरा दिवस दात भरायला आणि कालचे पेशंट पुन्हा बघायला. निघायच्या संध्याकाळी काढलेली दाढ रात्री रक्त गाळू लागली, तर गाडी शोधून धारणीचं उपजिल्हा रुग्णालय गाठणं सोपं नाही. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांची परवानगी घेतानाच शिबिरानंतर पेशंटकडे कोण बघणार ते ठरवा. तारीख होळीनंतरची धरा; मजुरीला बाहेर गेलेली इथली कोरकू आदिवासी माणसं सणाला गावी आलेली असतात. कोरकू बोलणारी आशाताई नोंदणीच्या टेबलापेक्षा खुर्चीजवळ जास्त उपयोगी.

आधी सिकलसेलचं कार्ड मागा. एसएस (म्हणजे नुसता वाहक नाही, प्रत्यक्ष आजार) असेल तर दात रुग्णालयातच काढायचा. रक्तदाब १८०/११० च्या पुढे असेल तर थांबा. मग तोंड उघडायला लावा. खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाणाऱ्या तरण्या पोरांचंही तोंड कधी दोन बोटं उघडत नाही. तिथे खालची दाढ काढायच्या फंदात पडू नका.

भुलीच्या डोससाठी वजनकाटा न्याच. वयावरून अंदाज बांधला की इथल्या लहानखुऱ्या पोरांना डोस जास्त होतो. २ टक्के लिग्नोकेनच्या (भुलीच्या औषधाच्या) १ मिलीत २० मिग्रॅ औषध असतं. अॅड्रेनालिन नसलेल्याची मर्यादा किलोमागे ४.४ मिग्रॅ. १५ किलोच्या मुलाला ३.३ मिलीच्या वर नाही.

वीज नसेल तर हत्यारं निर्जंतुक करायला प्रेशर कुकर. हत्यारं पाण्याच्या वर जाळीवर, सैल रचून. वाफेची सलग धार लागल्यावरच शिट्टी बसवा, नाहीतर आत हवा अडकते आणि तापमान चढत नाही. १५ पौंड दाब आल्यापासून गुंडाळलेल्या हत्यारांना ३० मिनिटं. ओलं निघालेलं पाकीट वापरायचं नाही. बाहेरची टेप काळी पडली म्हणजे फक्त ताप लागला. तपासपट्टी पाकिटाच्या आत टाका.

ड्रिलशिवायही कीड हाताने कोरून ग्लास आयोनोमर (दात भरायचं सिमेंट) भरता येतं. उन्हाळ्यात ते पटकन आळतं, म्हणून सावलीत, एका दातापुरतंच कालवा. दुधाच्या दातांना कीड थांबवायला ३८ टक्के सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडचं द्रावण चालतं, पू झालेल्या दाताला नाही. कीड कायमची काळी पडते. आईला आधी फोटो दाखवा.

दात काढल्यावर गॉझ ३० ते ४५ मिनिटं चावून धरायला लावा. चूळ आणि खर्रा दिवसभर बंद, नाहीतर रक्ताची गाठ निघून दोन-तीन दिवसांत ठणका लागतो.

सुया पांढऱ्या डब्यात, दात नि रक्ताळलेला गॉझ पिवळ्या पिशवीत. दोन्ही गाडीतून परत न्या, गावात पुरू नका.